बारावं बटण

बटणांच्या कारखान्यात तपासणीचं टेबल नेहमी उत्तरेच्या खिडकीशी असतं. थेट ऊन पडलं की बटण चमकतं, आणि चमकणाऱ्या वस्तूची खोट दिसत नाही. माणसांचंही तसंच असतं म्हणा, पण ते पुढे येईलच. तर अशा एका खिडकीशी तीस वर्षं बसलेली एक बाई होती. भोक तिरकं असो, कड चिरलेली असो, रंग अर्ध्यात उतरलेला असो, तिच्या बोटांखालून काही निसटायचं नाही. म्हणून अख्खा कारखाना तिला चाळणी म्हणायचा, अगदी तोंडावर. तिला त्याचं काही वाटायचं नाही. उलट कुणी चुकून 'ताई' म्हणालं, तर कोण आलं म्हणून ती मागे वळून बघायची.

"हिचं लग्न का मोडलं माहितीये?" शेजारच्या टेबलावरची काकू नव्या बायकांना सांगायची. "बघायला आलेल्या मुलाच्या शर्टाचं तिसरं बटण वेगळं निघालं. हिने तिथल्या तिथे नापास केला त्याला!"

"तिसरं नाही, चौथं," चाळणी मान वर न करता म्हणायची, आणि टेबल हसायचं.

घरी ती आणि तिचे वडील, दोघंच. वडील याच कारखान्यात साचे पाडणाऱ्या मशीनवर होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून दर रविवारी दुपारी चाळणी वडिलांबरोबर बटणपट खेळायची.

हा बटणपट म्हणजे काय, ते नीट सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिथेच आहे.

एका सोमवारी साहेबांनी तिला बोलावलं. "जेवणाच्या सुट्टीत नवी पोरं मोबाईलवरचे नियम काढून भांडतात. आपल्या खेळाचे नियम एकदा लिहून काढा. जेवणघरात फळा लावू. अक्षर तुमचं चांगलं आहे."

तिने त्याच दुपारी मोठा पुठ्ठा घेतला आणि लिहायला बसली. पट चौसष्ट घरांचा, खेळ फक्त काळ्या घरांतून. बटण तिरकं एक घर पुढे जातं. समोरच्याच्या बटणावरून पलीकडच्या मोकळ्या घरात उडी मारली की ते खाल्लं. पार पलीकडे पोचलं की राजा झाला. बटणावर बटण ठेवून दोऱ्याचा एक टाका घालायचा. इथपर्यंत जगात कुठेही असंच खेळतात. पुढचं मात्र त्या कारखान्याचं.

कामाला लागल्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाला नापास मालातली बारा बटणं मिळत. त्यांच्या पाठीवर त्याचा नंबर ठोकलेला असे. तीच त्याची खेळातली बटणं, जन्मभराची. खाता येत असेल तर खायलाच हवं. दोन बाजूंनी खाता येत असेल तर जिथे जास्त मिळतं तिथलंच खायचं. आणि नजरचुकीने किंवा मुद्दाम कुणी खायचं सोडलं, तर समोरचा "सोडलंस" म्हणतो, पुढे वाकतो, आणि ज्या बटणाने खायला हवं होतं त्याच्यावर फुंक मारून ते उचलतो. खाल्लेली बटणं डाव संपल्यावर मालकाला परत मिळतात. फुंकेचं तसं नाही. फुंक बसली की मालकाने आपल्या डबीतलं एक खरं बटण द्यायचं, कायमचं. पुढच्या डावात त्या जागी पुठ्ठ्याची चकती मांडायची.

म्हणजे बघा, या खेळात हरल्याने काहीच जात नाही. जातं ते सोडल्याने. ज्याचा हात अडखळला, ज्याला समोरच्याची दया आली, त्याचीच डबी रिकामी होते.

अकरावा नियम तिने लिहिला: ज्याने आपल्याला फुंकलं त्यालाच आपण फुंकलं, तर त्याच्या बटणाऐवजी त्याने आजवर जिंकलेल्यांतलं कुठलंही एक मागता येतं. मग '१२' असा आकडा घातला आणि ती थांबली. बारा बटणं, बारा नियम, असं लहानपणापासून ऐकलं होतं. पण बारावा तिला येत नव्हता. बाराच्या बारा फुंकली गेली तर त्या माणसाचं काय?

तेवढ्यात चहा आला. टेबलावर आठ जणी, ट्रेमध्ये सात कप.

"अरे, ही चाळणी दिसत नाही का तुला?" काकू चहावाल्यावर ओरडली.

तो गोंधळला. "इथे सातच असतात ना?"

"ह्यालाच चाळणीत घालायला हवं," काकू म्हणाली. सगळ्या हसल्या, चाळणीसुद्धा हसली. त्या दिवशी तिने काकूच्या बशीतला अर्धा चहा घेतला.

गुरुवारी हजेरीच्या नव्या यादीत तिचं नाव नव्हतं. "टाइप करताना राहिलं असेल हो," कारकून म्हणाला, आणि नाव लिहायला पेन घेऊन तिच्याकडे बघत राहिला. बघतच राहिला. अकरा वर्षं रोज तिची सही घेणारा माणूस. शेवटी तिनेच नाव सांगितलं.

ती भाबडी नव्हती. चूक ही चूक असते, तिला कारण असतं आणि ते मोजून सापडतं, असं तिचं साधं गणित होतं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर फळ्यावर नमुना म्हणून चिकटवावीत म्हणून तिने आपली खेळातली डबी उघडली. पाच-सहा तरी असतील, असा तिचा अंदाज होता.

डबीत एकच बटण होतं. हिरवं, चार भोकांचं, पाठीवर ६१७.

मग तिला एकेक रविवार आठवायला लागला. आई गेल्यावर बाबा जेवेनासे झाले होते. पटावर हिची उडी चुकली की मात्र त्यांच्या डोळ्यांत चमक यायची. ते पुढे वाकायचे, फुंकायचे, आणि त्या रात्री पोटभर जेवायचे. मग ती सोडत गेली. कचऱ्यातली बटणं ती, त्यांच्यापायी म्हातारा माणूस दोन घास जास्त खातो, तर जाऊ देत. एक, मग एक, मग आणखी एक.

"बाबा, माझी किती झाली तुमच्याकडे?"

मिस्त्री खुर्चीत ताठ बसलेले होते. त्र्याऐंशीव्या वर्षीही पाठ सरळ. डाव्या डोळ्यात फक्त मोतीबिंदू पिकलेला, आणि दाखवायला चला म्हटलं की ते चिडायचे. "अकरा," ते लगेच म्हणाले. "विचारायला काय लागतं? आण तो बिस्किटांचा डबा."

डब्यात कागदाच्या पुड्या होत्या, प्रत्येकीवर नंबर. त्यांच्या भावाची तीन. मशीनवरच्या जोडीदाराची सात. आईची चार, ती कारखान्यात होती तेव्हाची. चाळणीला एकदम जाणवलं की आईचा चेहरा तिला आठवतो, पण आवाज आठवत नाही. कितीतरी दिवसांत आठवलेलाच नाही. तिची स्वतःची अकरा. आणि तळाशी एक गच्च पुडी. तिने ती सोडली.

हिरवी बटणं. तिच्याच मालातली, त्याच दिवसाच्या रंगाची, फक्त दोन भोकांची. बारा. पाठीवर ६१८.

"ही कुणाची?"

मिस्त्रींनी एक उचलून उजव्या डोळ्याजवळ धरलं. "असतील कुणाचीतरी."

"बाराच्या बारा? तुम्हाला तर चाळीस वर्षांपूर्वीचा डावसुद्धा खेळीनिशी आठवतो."

"आठवतो," ते म्हणाले, आणि क्षणभर त्यांच्या कपाळावर आठी आली, दार उघडं राहिलंय की काय असं वाटल्यावर येते तशी. "हा आठवत नाही." मग आठी गेली. "सोडत असेल एकेक. असतात मूर्ख माणसं. ठेव ती जागच्या जागी."

शुक्रवारी ती स्टोअरमध्ये गेली. तिथल्या म्हाताऱ्या भांडारपालाला सगळे मामा म्हणत. नंबरांची वही त्यांच्याच ताब्यात होती, आणि वहीला कुणी ओलं बोट लावलं तर ते आठवडाभर त्याच्याशी बोलत नसत. त्यांनी पान काढलं. सहाशे सोळा, एक वेल्डर. सहाशे सतरा, चाळणी. त्याखाली सहाशे अठरा, आणि पुढे कोरी जागा. मग सहाशे एकोणीस.

"ओळ मोकळी कशी राहिली, मामा?"

"मी ओळ मोकळी सोडत नाही," मामा म्हणाले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. त्या जागेवर शाईचा ठिपकाही नव्हता. मात्र चाळणीने पान खिडकीकडे तिरकं धरलं, तेव्हा कागदात टाकाच्या टोकाने दबलेल्या रेघा दिसल्या. कुणीतरी तिथे जोर देऊन काहीतरी लिहिलं होतं. ती बोटांनी वाचायला गेली, पण अक्षरं लागेनात.

"मामा, बारावा नियम काय आहे?"

त्यांनी वही मिटली. "लिहायचा नसतो तो."

"पण आहे काय?"

"मला आठवत असतं तर तुला सांगितलं नसतं का पोरी? आठवत नाही, हाच तर त्याचा त्रास आहे." ते खाली बघत म्हणाले, "माझ्या घरात चार खाटा आहेत. आम्ही दोघं राहतो. चौघांसाठी घेतल्या होत्या एवढं आठवतं. कशाला, ते नाही आठवत."

शनिवारी तिने घर तपासायला घेतलं. बटण तपासावं तसंच, खालून वर, एक इंचही न सोडता. स्वयंपाकघराच्या चौकटीवर लहानपणीच्या उंचीच्या पेन्सिलखुणा होत्या. रोज त्यांच्या शेजारून ती ये-जा करत होती. आज तिने पट्टी लावली. खुणांच्या रांगा दोन होत्या. तारखा त्याच, अक्षर आईचंच. एक रांग तिची. दुसरी प्रत्येक वाढदिवसाला तिच्याहून दोन बोटं खाली.

मग ती आपल्या खोलीत गेली. मोठा पलंग. ती जन्मभर त्याच्या भिंतीकडच्या अर्ध्यावर झोपत आली होती, अंग चोरून. सवय म्हणून. उरलेल्या अर्ध्यावर तिने हात ठेवला. तिथली गादी मध्ये खोल गेलेली होती.

चाळणी पलंगाच्या कडेला बसली आणि खूप वर्षांनी रडली. कुणासाठी रडतोय हेही माहीत नसताना माणूस किती एकटं रडतं, ते देवालाच ठाऊक.

पण रडून झाल्यावर तिने हिशेब मांडला. अकरावा नियम. बाबांना एकदा फुंकायचं, आणि त्या पुडीतलं एक बटण मागायचं. एक परत आलं तर ती जी कोणी होती तिचं निदान नाव तरी परत येईल. अडचण एवढीच होती की मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात खायचं कधी सोडलं नव्हतं. त्यांची बाराच्या बारा काळी बटणं अजून त्यांच्याच खिशात होती.

रविवारी दुपारी तिने पट मांडला. तिच्या बाजूला एक हिरवं बटण आणि अकरा चकत्या.

"एकच राहिलं की तुझं," मिस्त्री म्हणाले. "जपून खेळ."

"आज सोडणार नाही, बाबा."

"मग मजा येईल."

ती हळू खेळली. मोतीबिंदूचा डोळा डावा. पटाच्या डाव्या कोपऱ्यात काळ्या घरात काळं बटण त्यांना आता दिसत नसणार. ओळखून खेळतात ते, आठवणीवर. म्हणून तिने तो कोपरा पुन्हा पुन्हा बदलला. एक चकती पुढे, एक बाजूला, देवाणघेवाण, पुन्हा पुढे. पाऊण तासाने तिने उजव्या बाजूला एक चकती त्यांच्या तोंडाशी दिली. डावीकडे मात्र त्यांच्या दुसऱ्या बटणाला एकामागून एक दोन उड्या होत्या.

मिस्त्रींनी उजवीकडची एक खाल्ली.

बाहेर कुणीतरी दाराला टेकवलेली सायकल काढून नेली, तेवढाच आवाज.

"सोडलंत, बाबा," चाळणी म्हणाली. "डावीकडे दोन होती."

त्यांनी मान तिरकी करून उजवा डोळा त्या कोपऱ्याकडे नेला. बघितलं. चाळणी पुढे वाकली आणि तिने फुंक मारली.

मग डबा उघडला. वर तिची स्वतःची अकरा होती. त्यातलं एक घेतलं असतं तर हातात दोन झाली असती. हात तिथे थांबला नाही असं नाही. पण ती तळाशी गेली आणि ६१८ चं एक बटण काढून पटाशेजारी ठेवलं.

लगेच तिच्या उशीशेजारी ओल्या केसांचा वास आला. अंधारात दाबून धरलेलं हसू. कुणीतरी गार पावलं तिच्या पोटऱ्यांना लावली, आणि ती ओरडली होती, एक नाव घेऊन ओरडली होती. ते नाव तिच्या जिभेच्या टोकावर आलं.

"मला दिसलं नाही गं," मिस्त्री म्हणाले.

तिने वर बघितलं. ताठ पाठ खचली होती. हनुवटी थरथरत होती. त्र्याऐंशी वर्षांचं ते तोंड पहिल्यांदाच मार खाल्लेल्या लेकरासारखं झालं होतं. "मी कधी चुकत नाही. मला दिसलंच नाही."

"असू द्या, बाबा," ती म्हणाली.

खेळी तिची होती. तिच्या हिरव्या बटणासमोर त्यांचं एक बटण उघडं पडलं होतं, पलीकडचं घर मोकळं होतं. तिला ते दिसलं. न दिसून कसं चालेल, ती चाळणी होती. पण हाताला नऊ वर्षांची सवय होती. बाबांचं तोंड असं झालं की काय करायचं, हे त्या हाताला पाठ होतं. हाताने बाजूची एक चकती उचलली आणि पुढे सरकवली.

ठेवताक्षणी तिला कळलं.

मिस्त्रींची हनुवटी थरथरायची थांबली. पाठ सरळ झाली.

"सोडलंस," ते म्हणाले.

"बाबा, हे माझं शेवटचं आहे."

"हो."

"बाबा, मी तुमच्यासाठी सोडलं."

"सगळे असंच म्हणतात," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मी सांगितलं होतं का सोड म्हणून? शेवटच्याला सूट दिली तर नियम कशाला ठेवायचा?"

ते पुढे वाकले.

सोमवारी जेवणघरात फळा लागला. बायका ताटं घेऊन त्याच्यासमोर उभ्या होत्या.

"अक्षर किती सुरेख आहे," काकू म्हणाली. "कुणाचं गं?"

"साहेबांनी बाहेरून करून घेतलं असेल."

"पण बारावा नियम कोरा ठेवलाय बघ."

चाळणी त्यांच्या मागेच उभी होती. तिने काकूच्या खांद्यावर हात ठेवला. काकूने पदर सावरावा तसा खांदा झटकला आणि खिडकीतून वारा येतोय का ते बघितलं. उत्तरेच्या खिडकीशी, तिच्या स्टुलावर, एक बाई बटणं निवडत होती. वयाने तिच्याएवढीच. उंचीने दोन बोटं कमी.

चहा आला. टेबलावर आठ कप.

पुढच्या रविवारी दुपारी चाळणी घराच्या दारात उभी होती. आत पट मांडलेला होता. मिस्त्रींची काळी बटणं बाराच्या बारा. समोर एक हिरवं बटण, दोन भोकांचं, आणि अकरा चकत्या.

"बाबा, डब्यात ही वरची पुडी कुणाची?" धाकटीने विचारलं. "सहाशे सतरा. बाराच्या बारा आहेत."

मिस्त्रींच्या कपाळावर आठी आली. "असतील कुणाचीतरी. खेळ."

"जेवला नाहीत ना आज नीट?"

"भूक नाही."

धाकटीने त्यांच्याकडे बघितलं. मग पटाकडे बघितलं. तिच्या हिरव्या बटणासमोर एक काळं बटण उघडं होतं, पलीकडचं घर मोकळं. तिला ते दिसलं, हे चाळणीला दारातून दिसलं.

"खा," चाळणी म्हणाली. मग ओरडली, "खा गं!" आणि नाव घेतलं. नाव तिला आता नीट आठवत होतं.

धाकटी स्वतःशीच हसली आणि तिने बाजूची चकती पुढे सरकवली.

मिस्त्रींनी गाल फुगवले.